कवळीकाकांचा होकार

माझे दीर गेली तीस वर्षं लोकांचे दात बनवतात. सगळी गल्ली त्यांना कवळीकाका म्हणते. मी तोंडावर भावजी म्हणते, आणि मनातल्या मनात जे म्हणते ते मी अजून कन्फेशनमध्येसुद्धा सांगितलेलं नाही. फादरांची कवळीही भावजींनीच केलेली आहे, तेव्हा ते ऐकून त्यांना उगाच आनंद व्हायचा.

आमची इमारत अरुंद. रस्त्याला लागून भावजींचं वर्कशॉप, त्यामागे त्यांची झोपायची खोली, आणि वर मी. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुली लग्न करून लांब गेल्या. तेव्हापासून माझ्या तीन खोल्यांपैकी दोन नुसत्याच झाडायच्या आणि बंद करायच्या. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे लहानथोर सगळे मला बाई म्हणतात आणि माझ्यासमोर जरा सरळ उभे राहतात. भावजी राहत नाहीत. ते कशासमोरच सरळ उभे राहत नाहीत.

काम मात्र नाजूक आहे, ते कबूल करते. डॉक्टरकडून तोंडाचं माप येतं. त्यात प्लास्टर ओतायचं, निघालेल्या साच्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला घालून तो शिजवायचा, कापायचा, घासायचा, चकचकीत करायचा. दात बसवण्यापर्यंतचं काम भावजींचं. पुढचं सगळं, म्हणजे जे केल्याशिवाय तोंडात काही घालता येत नाही ते, सात वर्षं त्यांच्या हाताखालची पॉलिशवाली करायची. दिवसभर फिरत्या चाकापाशी उभी. बोटांची टोकं झिजून इतकी गुळगुळीत झालेली की साधं पान उलटायलाही तिला बोट ओलं करावं लागायचं.

गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून भावजी म्हणतात, "जबडा मोकळा सोडा. आवळू नका. मी मिटवीन तसा मिटू द्या." आयुष्यात या माणसाला हे एकच वाक्य सापडलं आणि त्याने त्याचं तत्त्वज्ञान केलं.

नाताळाच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. आमच्याकडे त्यातल्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये कोणीतरी सामान्य माणूस उठून येशूच्या आईवर, मरियेवर बोलतो. बारा वर्षांपूर्वी ठरलेला वक्ता आजारी पडला म्हणून फादरांनी ऐन वेळी भावजींना उभं केलं. ते अजून बसलेले नाहीत. दर वर्षी तेच भाषण. देवदूत आला, येशू तुझ्या पोटी यावा ही देवाची इच्छा त्याने सांगितली, आणि मरियेने जबडा आवळला नाही. मोकळा सोडला. देव मिटवील तसा मिटू दिला. "आपणही, बंधुभगिनींनो, असंच मोकळं राहायला हवं." मग पुढच्या रांगेतल्या बायका डोळे टिपतात आणि मी घड्याळ बघते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भावजी देवाच्या इच्छेला इतके मोकळे आहेत की स्वतःच्या इच्छेने त्यांनी आजवर भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही. तरुणपणी औषधांच्या दुकानातली एक मुलगी त्यांच्यासाठी चार वर्षं थांबली होती. चांगली होती, हसरी, हिशेबी. हे रोज तिच्याकडे खोकल्याचं औषध आणायला जायचे आणि घरी येऊन प्रार्थना करायचे, की प्रभू, ही तुझ्या मनात आहे का? प्रभूने काही सांगितलं नाही. पाचव्या वर्षी तिने बसच्या ड्रायव्हरशी लग्न केलं. भावजी म्हणाले, "देवाची इच्छा." माझा नवरा तेव्हा त्यांना म्हणाला होता, "अरे, देवाने तिला चार वर्षं काउंटरमागे उभी ठेवली, अजून काय करायला हवं होतं त्याने?" पण पालथ्या घड्यावर पाणी.

वर्कशॉपचं छत एका कोपऱ्यात गळतं. त्याखाली बादली आहे. बादलीला नऊ वर्षं झाली.

फादरांच्या दातांचं तर सगळ्यांना माहीत आहे. भावजी साच्यांवर नावं लिहीत नाहीत. म्हणतात, प्रत्येक तोंड माझ्या ओळखीचं आहे. एका वर्षी फादरांचा आणि शाळेतल्या शिपायाचा साचा एकाच आठवड्यात आला. फादरांचे नवे दात प्रवचनात खटखट वाजायला लागले, 'स' म्हटलं की शिट्टी. ते तीनदा दाखवायला आले. तिन्ही वेळा भावजी म्हणाले, "आगमनकाळ आहे फादर, थोडं सोसा. सवय होईल." फादर बिचारे पाच आठवडे प्रायश्चित्त समजून शिपायाचे दात चावत राहिले. शिपाई गरीब माणूस, त्याला वाटलं खोटे दात असेच असतात. शेवटी पॉलिशवालीनेच शोधून काढलं. ती प्रत्येक साच्याच्या बुडाला गुपचूप खिळ्याने आकडा कोरून ठेवायची. दातांची अदलाबदल झाली, आणि भावजींनी त्यावरही एक विचार काढला, की देव कधी कधी आपल्याला दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला लावतो. पुढच्या वर्षीच्या भाषणात तो आला. फादर हसले. मी नाही.

आणि माझा खरा राग निराळाच आहे. भावजींचं भाषण होकारापाशी थांबतं. तिथे मेणबत्ती, तिथे आमेन. पण गोष्ट तिथे थांबत नाही! मरियेने आधी प्रश्न विचारला, की हे होणार कसं? सरळ, स्वच्छ प्रश्न. उत्तर मिळालं, तेव्हा हो म्हणाली. आणि हो म्हणून डोळे मिटून बसली नाही. उठली, आणि डोंगर चढून आपल्या म्हाताऱ्या, गरोदर नातेवाईक बाईकडे गेली, तेही घाईघाईने. तीन महिने राहिली. तिथे तिने काय केलं ते लिहिलेलं नाही, पण दिवस भरत आलेल्या म्हातारीच्या घरात काय करावं लागतं ते सांगायला देवदूत कशाला हवा? हे मी बारा वर्षं दुसऱ्या रांगेत बसून मनात म्हणत आले.

मागच्या आगमनकाळातल्या एका मंगळवारी पॉलिशवाली कामावर आली ती हातात कागद घेऊन. मी खाली पाण्याचं बघायला गेले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

तिच्या पोटात गाठ निघाली होती. सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन, नंतर सहा आठवडे तरी उचलाउचल बंद. नवरा मुलगी होण्याआधीच परागंदा झालेला. माहेरचं म्हणावं असं कोणी उरलेलं नाही. मुलगी चार वर्षांची, भिंगरी म्हणतात तिला, एका जागी बसत नाही म्हणून. हॉस्पिटलच्या कागदावर एक चौकोन होता. आई दाखल असताना मूल कोणाकडे राहणार, आणि आईचं काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. नाव, पत्ता, सही. चौकोन कोरा राहिला तर सोमवारी अकरा वाजता हॉस्पिटलची समाजसेविका मुलीला बालगृहात नेणार.

"दादा, तिथे ती मोठ्या मुलींच्यात राहायची नाही," पॉलिशवाली म्हणाली. "ती माझ्याशिवाय कधी झोपलेली नाही. इथे तिला सवय आहे. त्या कोपऱ्यात मेणाशी खेळते. तुम्ही सही केलीत तर मी निवांतपणे आत जाईन."

बारा वर्षं ज्या देवदूताची वाट बघितली तो झिजलेल्या बोटांनी कागद घेऊन दारात उभा होता. आणि भावजी काय म्हणाले?

"मी प्रार्थना करतो. देवाची इच्छा काय आहे ते कळू दे."

"कधी सांगाल?"

"संकेत मिळाला की सांगतो."

बुधवारी त्यांनी डोळे मिटून पवित्र ग्रंथ उघडला आणि पानावर बोट ठेवलं. निघाली वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. भावजी दिवसभर म्हणत राहिले, यातून काही बोध होत नाही. आता ओळीने चाळीस जणांना मुलं झाल्याची यादी समोर आल्यावर अजून काय बोध हवा होता? आकाशातून पाळणा पडायला हवा होता?

गुरुवारी त्यांनी देवापुढे अट ठेवली. दुपारी बाराच्या आत वरच्या दातांचं माप आलं, तर हो. पावणेबाराला माप आलं. खालच्या दातांचं. भावजी विचारात पडले.

शुक्रवारी फादरांकडे गेले. फादर म्हणाले, "तुमचं मन काय म्हणतं?" मन काय म्हणणार? मनाचाही जबडा मोकळाच!

त्याच शुक्रवारी पॉलिशवाली जिना चढून माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. एप्रनला पांढरी भुकटी होती म्हणून आत येईना. "बाई, दादांचं काही कळत नाही. दिवस दोनच राहिले." आणि तिने माझ्यामागे, नुसतं इस्त्रीचं टेबल असलेल्या रिकाम्या खोलीकडे एकदा बघितलं. बघितलं, एवढंच.

मी म्हणाले, "तू त्यांनाच धरून ठेव. सोडू नकोस अजिबात. बघू या तरी, बारा वर्षांच्या भाषणांतून काय निघतं ते."

"हो बाई," ती म्हणाली आणि खाली गेली. चाक पुन्हा सुरू झालं.

रविवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. घडीच्या खुर्च्या, टेबलावर जांभळं कापड, आगमनकाळाच्या चारांपैकी तिसरी मेणबत्ती पेटलेली. पॉलिशवाली शेवटच्या रांगेत होती, मांडीवर भिंगरी. भावजींनी कोट घातला होता. देवदूत आला, मरियेने आवळून धरलं नाही, बंधुभगिनींनो. आवाज नेहमीसारखाच मऊ. मला वाटलं होतं, निदान आज तरी याची जीभ अडखळेल. अडखळली नाही. पुढच्या रांगेतले रुमाल बाहेर निघाले.

भाषण संपल्यावर फादर रीत म्हणून विचारतात, "कोणाला काही विचारायचंय?" बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. पॉलिशवाली मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"दादा, मरियेने हो म्हणायला किती दिवस घेतले?"

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. भावजी म्हणाले, "तिला... तिच्याकडे देवदूत आला होता. स्पष्ट आला होता. आपल्याला देवाची इच्छा एवढी स्पष्ट कळत नाही."

"मी मंगळवारी आले होते," ती म्हणाली. "कागद घेऊन. उद्या अकराला तो द्यायचा आहे. सही नाहीये."

मग तिने काय ते थोडक्यात सांगितलं. गाठ, सहा आठवडे, चौकोन. रडली नाही, गिऱ्हाइकाला दात कधी मिळतील ते सांगावं तसं सांगितलं. आणि उभी राहिली. भावजी जांभळ्या कापडाकडे बघत होते. फादर मेणबत्तीकडे. चाळीस माणसांनी आपापल्या मांड्यांवरचे हात असे न्याहाळले जणू ते आजच बसवलेत.

तेव्हा मी उठले.

बारा वर्षं साठलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, भावजी, तुम्ही मोकळे नाही, तुम्ही रिकामे आहात. मोकळ्या दारातून कोणी आत येऊ शकतं, तुमच्या दाराला खोलीच नाही. औषधाच्या दुकानातली मुलगी काढली. बादली काढली. फादर समोर बसले होते तरी शिपायाचे दात काढले. वंशावळीवरून मी जे बोलले त्यावर लोक हसलेसुद्धा. मग मी मरियेवर आले. तिने विचारलेला प्रश्न, तिचा होकार, आणि तो होकार पायांत घालून ती डोंगर कशी चढली ते सगळं. म्हणाले, जो होकार उठून चालायला लागत नाही तो होकार नव्हे, ती जांभई आहे. म्हणाले, आळसाला देवाचं नाव देण्याइतकं मोठं पाप नाही. आवाज छान लागला होता. शाळेत लागायचा तसा, मागच्या बाकापर्यंत. दहा मिनिटं तरी बोलले असेन. बोलता बोलता मला जाणवलं की लोक माना डोलवतायत, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

टाळ्या पडल्या. चर्चच्या हॉलमध्ये सहसा कोणी टाळ्या वाजवत नाही.

मी वळून तिला म्हणणार होते, बघ, आता करतील सही. मागच्या रांगेतली तिची खुर्ची मोकळी होती. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या होय? त्या मघाशीच गेल्या. तुम्ही दातांचं सांगत होतात तेव्हा. पोरीला झोप येत होती."

मी मागोमाग जायला हवं होतं. बसचा थांबा दोन मिनिटांवर. पण लोकांनी मला घेरलं. बाई, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. बाई, तुम्ही मनातलं बोललात. फादर चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हीच बोला. मी दोन कप चहा प्यायले. घरी आल्यावर हलकं हलकं वाटत होतं, गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी मी कान देऊन होते. खाली दार उघडलं, भावजी बाहेर पडले, आणि मला वाटलं, गेले हॉस्पिटलमध्ये. एवढं चारचौघांत ऐकवल्यावर दगडसुद्धा गेला असता. ते प्लास्टर आणायला गेले होते. हे मला मंगळवारी कळलं. मी जिन्यातच विचारलं, "गेला नाहीत?"

"मला वाटलं, वहिनी, तुम्ही गेलात. एवढं बोललात ना, तर मला वाटलं तुम्हीच नेलंत तिला वर. तुमच्याकडे जागा आहे."

"तुम्हाला विचारलं होतं तिने!"

"हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "देवाची इच्छा," आणि आत गेले. त्यांच्या तोंडावर दार आपटावं असं मला झालं. पण दार त्यांचं होतं.

भिंगरी सात आठवडे बालगृहात होती. तिच्या आईचं ऑपरेशन नीट झालं. फेब्रुवारीत पॉलिशवाली आपला एप्रन आणि घासायची हत्यारं न्यायला आली. दुसऱ्या गावच्या वर्कशॉपमध्ये तिला काम मिळालं होतं. भावजी नेमके डॉक्टरकडे गेलेले, म्हणून कुलूप काढायला मी खाली आले. ती बरीच वाळली होती. मुलगी तिचा हात धरून गप्प उभी होती. मेणाच्या कोपऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "किती शहाणी झाली गं ही. एका जागी उभी आहे."

"तिकडे बूट चोरीला जायचे," पॉलिशवाली म्हणाली. "म्हणून घालूनच झोपायची. आता घरीही काढू देत नाही. झोप लागल्यावर मी काढते, तर जागी होते."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. एकतीस वर्षं बोलण्यावर जगलेली बाई मी, हातातलं कुलूप उघडमीट करत राहिले. तिने पिशवी खांद्यावर घेतली, मुलीला पुढे घातलं. मग माझ्याकडे वळली. टोमणा असता तर मला सोसला असता, पण तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. वडीलधाऱ्या माणसाचा निरोप घेताना काहीतरी चांगलं बोलून निघावं, तेवढंच होतं.

"बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही फार छान बोललात."